यसू, सराव मी गाळला

यसू, तालुक्याच्या कबड्डी मंडळाचे दोघे जण येऊन गेले. स्मरणिकेत तुझ्यावर एक पान द्यायचं आहे म्हणाले. जन्म कधी, संघ कुठला, बक्षिसं किती, एवढं लिहून द्या आजी, बाकी आम्ही सजवतो. मी म्हटलं, सजवायला ती काय नवरी आहे? जन्मतारीख तर तुझी तुलाच ठाऊक नव्हती. रेशनकार्डावर एक, आधारकार्डावर दुसरी, आणि भांडण जुंपलं की तू माझ्याहून आणखी दोन वर्षांनी मोठी व्हायचीस. तेव्हा ते राहू दे. पान मी मागून घेतलंय, पण त्यात मी तुझ्याशीच बोलणार आहे. मंडळाला चालत असेल तर छापतील.

तू गेलीस त्याला महिना होत आला. मी फार रडले नाही. डोळ्याचं ऑपरेशन ताजं होतं आणि पाणी लागू देऊ नका असं डॉक्टरने बजावलं होतं. हे ऐकून तू म्हणाली असतीस, मास्तराच्या चेडवाक रडूक पण कागद लागता. चेडू म्हणजे मुलगी. माझे वडील शाळामास्तर, म्हणून सत्तरी ओलांडल्यावरही मी तुझ्या लेखी मास्तराचं चेडूच राहिले.

सांगायचं ते आधीच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं बोलत राहीन आणि पान संपेल. गुरुनाथ कारकुनाने कागद बदलला नव्हता. पन्नास वर्षं तू त्याला शिव्या घातल्यास, त्या सगळ्या चुकीच्या घरी गेल्या. त्या कागदातून सराव त्याने काढला नाही. मी काढला.

आता पहिल्यापासून सांगते. तुला ठाऊक असलेलंही सांगते, कारण हे पान मंडळातली पोरंही वाचणार, आणि त्यांना वाटतं करार-बिरार, दुखापतीचा पगार हे सगळं मोबाईलबरोबर जन्माला आलं.

कसालच्या अलीकडे तेव्हा काजूचा कारखाना होता. आपण दोघी तिथे काजू फोडायला. तू किनाऱ्यावरची, मामाकडे राहायला आलेलीस. लहानपणापासून रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढून खांदे झालेले पुरुषासारखे. मी मॅट्रिक पास. ते कोणी विचारायच्या आधी मी सांगत असे. काजू फोडताना आपण हाताला राख चोळायचो, तरी टरफलातलं तेल बोटं काळी करून सोडायचं. शेठना हौस अशी की आपल्या कारखान्याचा बायकांचा कबड्डीचा संघ असावा. छातीवर कारखान्याचं नाव, अर्धा दिवस काम, अर्धा दिवस खेळ, हजेरी पूर्ण दिवसाची. स्पर्धेला गेलो की जेवणखाण शेठचं. खेळायचा पगार घेणाऱ्या बायका म्हणून आपल्याकडे गावाने कसं बघितलं ते सोड. पहिल्यांदा चड्डी घालून मैदानात उतरले तेव्हा मी वरून टॉवेल गुंडाळला होता आणि टॉवेलासकट चढाईला निघाले. पंचांनी परत पाठवलं.

मी चढाईची, तू डाव्या कोपऱ्याची. घोट्याला तुझा हात पडला की सुटका नाही. पलीकडच्या संघांची तक्रार असायची की यसूने धरलेल्या पायाची साल जाते. काजूचं तेल, दुसरं काय. एकदा पंचांनी खरोखरच तुझे हात साबणाने धुवायला लावले आणि तू धुतलेस, वर टॉवेल मागितलास. मी त्या काळात दोन वेण्यांना लाल रिबिनी बांधून खेळत असे. चढाईला जाताना कबड्डीचा दम घेण्याआधी प्रेक्षकांत कोण कोण आहे ते बघून घ्यायची. तू म्हणायचीस, हिका सात जणींनी धरूक नको, आरसो दाखवा, आपणच थांबात.

मग आपल्या संघातल्या शेवंतीचा खांदा निखळला. घाटावरच्या स्पर्धेत तिच्या अंगावर तिघी पडल्या. दोन महिने हात गळ्यात. शेठनी तिची हजेरी बंद केली. कारखान्यात हात दुखावला असता तर गोष्ट वेगळी, हा तर खेळ, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा तू जे बोललीस ते मला अजून तसंच्या तसं आठवतं. जेवणाच्या सुट्टीत भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणालीस, "छातीर नाव तेंचा, आणि खांदो आमचो?" पुढच्या स्पर्धेला महिना राहिला होता. दुखापत झालेलीचा पगार चालू राहील असं शेठनी लिहून दिल्याशिवाय कोणी गाडीत बसायचं नाही, असं ठरलं. मीही मान हलवली. संप हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचलेला होता, त्यामुळे मला जरा इंग्रजी शिकल्यासारखं वाटत होतं.

पण शेठसमोर तोंड कोण उघडणार? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, मी अर्ज लिहीन, बोलणार नाही. तेव्हा तूच म्हणालीस, आपण गाऱ्हाणा घालूया. गाऱ्हाणं देवाला घालतात, आणि तेही पुरुष घालतात, मानाचे. बायकांनी घातलेलं कुणी ऐकलं नव्हतं. तू म्हणालीस, म्हणजे बरं, अडवायचं कसं ते पण कुणाक म्हायत नसताला.

सकाळी फाटकात आपण तेराजणी उभ्या. शेठ गाडीतून उतरले आणि तू सुरू केलंस.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझ्या लेकींचो मेळो शेटाच्या दारात उभो आसा."

आपण सगळ्या म्हणालो, "व्हय म्हाराजा."

"तेंच्या हाताक, पायाक, खांद्याक, ढोपराक, खळ्यात शिकताना, मैदानात खेळताना, गाडयेत चढताना उतरताना, येताना जाताना जा काय दुखणा येयत..."

"व्हय म्हाराजा."

"तेच्यापायी तेंच्या पोटार पाय येव नये, अशी बुद्धी शेटाक दी."

या वेळी व्हय म्हाराजा म्हणणाऱ्यांत फाटकावरचा राखणदार होता, गाडीचा ड्रायव्हर होता, आणि खिडकीतला गुरुनाथ कारकून होता. गाऱ्हाणं ऐकलं की तोंडातून ते आपोआप येतंच. खुद्द शेठनी डोक्यावरची टोपी काढून हात जोडले होते. जोडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण मग सोडायचे कसे. देवासमोर जोडलेले हात. ते तसेच म्हणाले, बरं बरं, कारकुनाकडे लिहून घ्या. आणि आत गेले.

तेराजणींनी मला पुढे ढकललं. जा गो, तू शिकलेली.

यसू, पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही. गुरुनाथच्या खोलीत मी गेले तर त्याने मला खुर्ची दिली. बसा बाई, म्हणाला. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी बाई म्हणत होतं. चहा आला तो कपबशीतून. मी बशीत ओतून प्यावा की कपाने, यातच अर्धं लक्ष. गुरुनाथने कागद ओढला आणि मला म्हणाला, सांगा. मी मॅट्रिकला सारांशलेखनात शाळेत पहिली आले होते. शंभर ओळींचा उतारा वीस ओळींत बसवायचा, त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. तुझं गाऱ्हाणं माझ्या डोक्यात घुमत होतं आणि मला त्याची थोडी लाजच वाटत होती. येताना जाताना, चढताना उतरताना. किती ते पाल्हाळ. मी ऐटीत सांगितलं, लिहा, सामन्यात दुखापत झाल्यास खेळाडू कामावर परत येईपर्यंत तिची हजेरी चालू राहील.

गुरुनाथने लिहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, सराव घालू काय? शेठ नाही म्हणायचे नाहीत आज."

मी म्हटलं, "सामना म्हटलं की सराव त्यात आलाच. उगीच लांबण कशाला?"

तो म्हणाला, "बघा हं."

मी बघितलं. वाक्य छान बसलं होतं. शेठची सही झाली, मी कागद घेऊन बाहेर आले आणि तुम्ही मला खांद्यावर घेतलं. तुझ्याच खांद्यावर होते मी, डाव्या.

गाऱ्हाण्यात माणूस एकेक गोष्ट का मोजतो, हे मला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं. नाव घेतलं नाही त्याची राखण होत नाही, म्हणून मोजतो. तुझ्या मामाच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ते कळत होतं. सारांशलेखनात पहिली आलेलीला कळत नव्हतं.

अठरा दिवसांनी ते झालं. काजू वाळवायच्या खळ्यात सराव चालू. खळं झाडलेलं होतं, पण झाडताना एखादी बी राहतेच. मी चढाईला आले. त्या दिवशी कारखाना बघायला कुणी पाहुणे आले होते आणि कट्ट्यावर बसले होते, त्यामुळे मी जरा जास्तच नाचत होते. तू घोटा धरलास. धरलास तर पडायचं, शहाण्या माणसाने. मी पडले नाही. मध्यरेषेकडे ओढ काढली, एका पायावर उड्या मारत. तुझा पाय बीवर गेला आणि ढोपर भलतीकडे वळलं. आवाज झाला तो मला वाटलं माझ्या रिबिनीचा क्लिप तुटला. खरोखर वाटलं, डोक्याला हात लावून बघितलं मी. तू जमिनीवर पडून म्हणालीस, "पाय सोड गो आता, गेलंस तू पलीकडे." पाय तर तूच धरला होतास. दुखण्यात तुला तेही कळलं नाही.

हाडवैद्य झाला, मग कुडाळचा डॉक्टर झाला. आतली दोरी तुटली म्हणाला. शेठनी कागद मागवला आणि तो शांतपणे तुझ्या मामाला वाचून दाखवला. सामन्यात. आणि ह्यो काय सामनो न्हवतो. तुझी हजेरी बंद.

तुला वाचता येत नव्हतं. तू मला बोलावून घेतलंस, कागद माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, नीट वाच. मी वाचला. म्हटलं, सराव यात नाही. तू विचारलंस, "कारकुनान काडल्यान?"

मी गप्प राहिले. पन्नास वर्षं मी स्वतःला समजावत आले की गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तोही एक सारांशच.

पुढच्या स्पर्धेला तुझ्याशिवाय जायचं की नाही यावर दोन दिवस भांडण झालं. मी म्हटलं, आपण सही घेतलीय, आता गेलं पाहिजे, शब्द म्हणजे शब्द. माझ्या शब्दाला त्या दिवसांत भारी वजन होतं. गेलो. जिंकलो, हे वाईट. हरलो असतो तर जरा बरं वाटलं असतं. फोटो आला, मी चौकटीत घातला, आणि तू कुबडीवर तो बघायला आलीस. बराच वेळ बघून म्हणालीस, बरो आसा फोटो, नाक तेवढा तुझाच दिसता.

तू परत खेळली नाहीस. रापणीच्या दोरालाही परत हात लावला नाहीस. वाळूत पाय रोवता येईना. लग्न करून किनाऱ्यावर गेलीस आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.ने मासळीची पाटी घेऊन कसालच्या बाजारात यायला लागलीस. जमिनीवर बसता येत नाही म्हणून स्टूल घेऊन. सगळ्या बायका खाली आणि तू वर. नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं तू त्यांची मालकीण. तूही तसं वाटू द्यायचीस.

तुझं-माझं भांडण तसं रोजचं. त्या घाटावरच्या उपांत्य सामन्यात माझा पाय मध्यरेषेपलीकडे टेकला होता की नव्हता, यावर आपण किती वर्षं वाद घातला? तू म्हणायचीस नाही, मी म्हणायची टेकला. खरं सांगू, मला आता आठवत नाही. पण तुला जिंकू द्यायचं नाही म्हणून मी गणपतीसमोर शपथ घ्यायला तयार होते. एवढ्याशा पायासाठी मी शपथ घेईन, आणि त्या कागदाबद्दल तोंड उघडणार नाही.

गुरुनाथचं घर कसालातच. तो मासळी घ्यायला आला की तू स्टुलावरच पाठ फिरवायचीस. अख्खी. पहिल्या दिवशी त्याने बिचाऱ्याने दोनदा हाक मारली. तू समुद्राच्या दिशेला बघत राहिलीस, जो तिथून वीस मैल. मग तो शेजारच्या बाईकडून घेऊ लागला, आणि ते शेवटपर्यंत. मी तिथे असले तर मीही तोंड वाकडं करायची, तुझ्या सोबतीसाठी. एकदा स्टँडवर मी एकटी भेटले तेव्हा त्याने मला विचारलं, बाई, यसू अजून रागावली आहे काय? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, असू दे. आणि कणकवलीची गाडी लागली का ते बघायला गेला. त्याला सगळं ठाऊक होतं, यसू. एक शब्द बोलला असता तर तू स्टुलावरून माझ्याकडे पाठ फिरवली असतीस. तो बोलला नाही. का, ते मला माहीत नाही. खुर्ची दिलेल्या माणसाची लाज काढू नये असं असेल.

तो वारला तेव्हा मी भेटायला गेले, तू गेली नाहीस. मला म्हणालीस, तुका बरी माया इली मेल्याची. तेव्हा तरी सांगायचं. नाही सांगितलं.

आता तन्वीचं. माझी नात, पण घोटा धरायला तिला शिकवलंस तू, आमच्या घरासमोरच्या खळ्यात स्टुलावर बसून. मी चढाई शिकवायला गेले तर तू तिला म्हणालीस, आजीकडसून फक्त रिबिनी बांधूक शीक. ती डावा कोपरा झाली. तुझ्या ढोपरावर हात ठेवून तिनेच एकदा सांगितलं होतं की याला आता इंग्रजीत नाव आहे आणि ऑपरेशन करून मुली आठ-नऊ महिन्यांत परत खेळतात. तू पदर ढोपरावर ओढून घेतलास तेवढा.

मुलींच्या नव्या लीगमध्ये तिला एका संघाने घेतलं. करार फोनवर आला, बावीस पानांचा. तू त्या दिवशी आमच्याकडेच होतीस. मी म्हटलं, लगेच सही कर, संधी काय परत परत येते? तू म्हणालीस, वाचून दाखव. तन्वीने दुखापतीचं पान वाचलं. अधिकृत सामन्यादरम्यान झालेल्या दुखापतीचा खर्च व मानधन संघ देईल.

तू विचारलंस, "आणि सरावाचा?"

तन्वीने वर-खाली बघितलं. नव्हतं.

"मगे सही करू नको."

मी चिडले. एवढी का चिडले ते तुला कळलं नसणार. तुझं म्हणणं ऐकत होते आणि माझंच लिहिलेलं वाक्य त्या बावीस पानांतून माझ्याकडे बघत होतं. मी म्हटलं, तुला काय कळतं करारातलं, तुझं गाऱ्हाणं घालायचं वय गेलं, पोरीचं नशीब नासवू नकोस. तू उठलीस. तुला उठायला नेहमी कोणाचा तरी हात लागायचा, त्या दिवशी भिंतीला धरून उठलीस. दारात म्हणालीस, "माझा ढोपर काय उगाच गेला?" आणि स्टँडवर गेलीस. चौथ्या दिवशी तुझ्या सुनेचा, सुरेखाचा फोन आला. सकाळी चहा केला, तो घ्यायला उठलीच नाहीस.

तुझ्या घरून परत आले आणि तन्वीला समोर बसवून सगळं सांगितलं. खुर्ची, कपबशी, सारांश, सगळं. ती ऐकत होती आणि मध्येच हसली, लाल रिबिनींना. मग हसायची थांबली. दुसऱ्या दिवशी तिने संघाच्या व्यवस्थापकाला फोन लावला. मी शेजारी. तो चांगल्या घरचा वाटला, गोड बोलत होता. म्हणाला, सराव त्यात आलाच, वेगळा लिहायची गरज नाही, सगळे समजून घेतात. माझ्या अंगावर काटा आला म्हणतात तसं काही झालं नाही. मला हसूच आलं. ते वाक्य मी त्याच्याहून जास्त ऐटीत म्हटलं होतं.

तन्वी म्हणाली, "सगळे समजून घेतात तर लिहा ना सर."

त्या संघातल्या आणखी चार मुलींनी सही थांबवली. तिनेच त्यांना फोन केले. आठ दिवस लागले. एका मुलीच्या वडिलांनी आम्हाला फोन करून ऐकवलं, तुमच्या मुलीमुळे आमच्या मुलीचं जाईल. मी त्यांना म्हटलं, जाईल कदाचित. खोटा धीर द्यायची मला आता भीती वाटते. शेवटी नवा कागद आला. सामने, सराव आणि शिबिर. प्रवास नाही. गाडयेत चढताना उतरताना नाही. मी म्हटलं, तेही माग. तन्वी म्हणाली, पुढच्या वर्षी मागू, आजी, चौघी दमल्यात. तिने सही केली. ती गेली परवा शिबिराला. तू असतीस तर प्रवासावरून तिला परत फिरवलं असतंस, किंवा नसतंस. ते आता मला कुणाशी भांडून ठरवता येत नाही.

तेराव्याला मी सुरेखाला बाजूला घेऊन सांगितलं. तुझं ढोपर तिनेच किती वर्षं तेलाने चोळलंय, तिला सांगणं मला बरोबर वाटलं. मनात हेही होतं की ती रडेल, मी रडेन, आणि हलकं होईल. ती पातेलं घासत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, ह्या आता माका सांगून काय उपेग? आये गेली. कारकुनाच्या घरात मानसा आसत मा? तेंका सांगा. शिव्या तेणी खाल्ल्यानी." आणि दुसरं पातेलं घेतलं.

काल कसालला गेले. गुरुनाथची मुलगी आता तिथे राहते, शाळेतून निवृत्त झालीय. ओटीवर बसवलं, पाणी दिलं. माझ्याकडे बघण्यात तिच्या थोडी अदब होती, बाबांच्या ओळखीच्या बाई म्हणून, आणि तीच मला जाचत होती. मी सांगितलं. कागद, सराव, मी गप्प राहिले ते, तू पाठ फिरवायचीस ते. काही कमी केलं नाही. या वेळी सारांश केला नाही.

तिने हातातला चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, आई बाबांशी मासळीवरून आयुष्यभर भांडली. बाजारात यसूबाईच्या पाटीत ताजे बांगडे असतात, अख्खा गाव तिथून घेतो, आणि हे शेजारच्या बाईकडचे मऊ पडलेले घेऊन येतात. आई म्हणायची, एवढे हिशेब लिहिता, साधी मासळी कळत नाही तुम्हाला. बाबा म्हणायचे, नाही बाई कळत. पाहुण्यांसमोरही म्हणायचे. आम्ही भावंडं हसायचो त्यांना.

मी विचारलं, "आणि कळायची काय?"

"चांगली कळायची," ती म्हणाली. "मालवणात वाढलेला माणूस."